नागपुरातला हीटर

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी नागपुरात, बोअर खोदणाऱ्या एका सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. खात्याकडे एक परदेशी पिकअप होती. कुठल्याशा थंड देशानं ती मदत म्हणून दिली होती, आणि देताना तिच्यातला हीटर काढून घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. मे महिन्यात कुणी पाहुणा आला की आम्ही त्याला तो हीटर मुद्दाम दाखवत असू.

डिसेंबरात अधिवेशनासाठी सरकार नागपूरला येतं. त्या वर्षी त्याच्यासोबत आमच्या खात्याचे मुंबईचे मोठे साहेब आले. कानटोपी, मफलर आणि लोकरीचे हातमोजे घेऊन आले. सावनेरकडच्या बोअर पाहायला सकाळी सहाला निघायचं ठरलं. पिकअपमध्ये हीटर आहे, ही बातमी त्यांना आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, अभिमानानं दिली. आदल्या दिवशी सकाळी साहेब प्रत्यक्ष पाहणीसाठी गाडीत बसले, दांडी लाल खुणेकडे सरकवली, आणि हीटरनं त्यांच्या गुडघ्यांवर थंडगार हवा सोडली.

साहेब चिडले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पाहून, यालाच कायम करण्याची फाईल आपल्यापुढे सहीला येणार आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं आणि ते निघून गेले.

ड्रायव्हर सात वर्षं रोजंदारीवर होता. त्याची नोकरी सलग होऊ नये म्हणून दर तीन महिन्यांनी त्याला एक दिवस कामावरून कमी करत. त्या दिवशीही गाडी तोच चालवायचा, फक्त हजेरीवर सही करत नसे.

उद्या सकाळपर्यंत हीटर दुरुस्त होणं भाग होतं. गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक खात्यात कुणालाच न येणाऱ्या भाषेत होतं, त्यामुळे ते गोपनीय समजून कुलपात ठेवलेलं होतं. म्हणून मी हातानंच तपासायला लागलो. पंखा फिरत होता. दांडीची तार सरकत होती. रेडिएटर भरलेला होता. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, तरी तापमानाचा काटा जागचा हलला नाही. हीटरकडे जाणारा रबरी पाइप मी मुठीत धरला, तर तो चहाच्या विसरलेल्या कपाइतका कोमट.

मी ड्रायव्हरला विचारलं, थर्मोस्टॅट कुठाय?

तो कडुनिंबाकडे पाहत म्हणाला, "काढला ना साहेब, मे महिन्यातच. नागपुरात कोण ठेवते त्याले?"

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी पितळी झडप. नागपुरात नवी गाडी आली की मिस्त्री आधी तिला नारळ फोडत आणि मग ही झडप काढत. उन्हाळ्यात पाणी जितकं मोकळं फिरेल तितकं बरं, असं त्यांचं शास्त्र होतं. आता मात्र पाणी इतकं मोकळं फिरत होतं की थंडीत इंजिन तापतच नव्हतं, आणि इंजिनच गार तर हीटर कशाच्या जोरावर तापणार? पण हे साहेबांना सांगणं म्हणजे सरकारी गाडीचा भाग विनापरवानगी काढल्याची कबुली. मग फाईल सहीपर्यंत पोचलीच नसती.

झडप त्यानं फेकली नव्हती. चोरीचा आळ नको म्हणून बडेबाबूंकडे जमा केली होती. बडेबाबूंनी ती पंख्याखाली उडणाऱ्या कागदांवर ठेवली, आणि पंखा बंद झाला तरी तिथेच राहू दिली. आम्ही गेलो तेव्हा ती एका जाड फाईलवर होती.

"काहून गा," बडेबाबू म्हणाले, "माह्या टेबलावरची वस्तू कायले पायजे तुले?"

ड्रायव्हरनं खरं ते सांगितलं. बडेबाबूंनी चष्मा पुसला. वस्तू परत देण्याचा नमुना आपल्याकडे नाही, म्हणाले. मग झडपेकडे बोट करून विचारलं, "हिच्याखाली कोनती फाईल हाय, ठाऊक हाय का?"

"ठाऊक हाय, बडेबाबू. म्हणूनच मागून राहिलो."

बडेबाबूंनी झडप त्याच्या हातावर ठेवली, आणि फाईलवर आपला पानाचा डबा.

दोन बोल्ट काढून झडप बसवली. मधलं पॅकिंग ड्रायव्हरनं एका रद्द फाईलच्या पुठ्ठ्यातून कापलं. मी पाहिलेल्या सरकारी फायलींपैकी पाण्याच्या कामी खरोखर उपयोगी पडलेली ती एकच.

दुसऱ्या दिवशी शहर मागे पडताच काटा उठला. साहेबांनी आधी हातमोजे काढले, मग मफलर, मग कानटोपी, आणि सावनेर येईपर्यंत ते गाढ झोपले. बोअर त्यांनी काचेतून पाहिल्या. परतताना, परदेशी यंत्रांची आपल्या लोकांना कदर नाही, असं त्यांनी मला समजावलं. त्याच आठवड्यात फाईलवर सही झाली.

पुढच्या मे महिन्यात बुटीबोरीच्या रस्त्यावर पिकअप तीनदा उकळली. झडप काढायला ड्रायव्हरला दहा मिनिटं लागली असती. पण आता तो कायम होता. त्यानं पाना गाडीतच ठेवला आणि परवानगीसाठी रीतसर अर्ज केला. मंजुरी आली तेव्हा आम्ही स्वेटर घातले होते.