भूतबाईंचा तास

सातवीच्या पोरांनी इंग्रजीच्या बाईंचं नाव भूतबाई ठेवलं होतं आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. नसायला काय झालं, कार्टी दाराआडून ओरडायचीच तशी! वर्षातून एकदा बाई वर्गाचे पडदे ओढून इंग्रजीतले भुताखेतांचे वाक्प्रचार शिकवायच्या. एकेकाला जवळ बोलवायचं, कानात वाक्प्रचार सांगायचा, त्यानं न बोलता नक्कल करायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं. कपाटातला सांगाडा म्हणजे घरातलं झाकलेलं बिंग, असं एकेक. खालच्या वर्गातली पोरंसुद्धा या तासाची वाट बघायची.

यंदा मात्र बाईंना हा तास नकोसा झाला होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. गावाला पाणी सोडणाऱ्या पंपघरात ते कायम रात्रपाळीला असायचे, आणि तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तेव्हापासून पोरीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. ती पुन्हा बोलती व्हावी म्हणून बाईंचा जीव तुटायचा. आणि इंग्रजीत रात्रपाळीला म्हणतात काय, तर ग्रेव्हयार्ड शिफ्ट, स्मशानातली पाळी! मेल्यांना दुसरं नाव सुचलं नाही? बाईंनी तो वाक्प्रचारच गाळून टाकला.

तिचा नंबर आला तेव्हा बाई म्हणाल्या, "तू बस गं बाळा. तू नुसतं बघ."

म्हणाल्या आणि जीभ चावली. नवरा गेला त्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की सगळे चिडीचूप व्हायचे. तेव्हा त्यांना असा संताप यायचा, वाटायचं, बाबांनो, निदान भांडा तरी माझ्याशी! आज तेच त्यांनी या एवढ्याशा पोरीला केलं होतं.

मुलगी बसली नाही. पुढं आली आणि तीच बाईंच्या कानाशी लागली.

"बाई, ग्रेव्हयार्ड शिफ्ट राहिली. दादा सातवीत असताना त्यानं या तासाचं घरी सांगितलं, तेव्हाच बाबांनी ती माझ्याकडून बसवून घेतलीय. म्हणाले, माझी पाळी दुसऱ्या कुणाला करू देऊ नकोस."

"कर," म्हणत बाईंनी खुर्ची मोकळी केली.

मुलगी बाईंच्या खुर्चीत बसली. हातात नसलेली बॅटरी समोर, जणू पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर, धरली. उठून भिंतीला, जणू पाइपालाच, कान लावला. परत बसली, पेंगली, दचकून डोळ्यांवर पाणी मारलं. मग अशी लांबलचक जांभई दिली की पोरं खो खो हसली, आणि हसता हसता तीही हसली.

"रात्रपाळी!" कुणीतरी ओरडलं. बाईंनी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिले. अक्षर वेडंवाकडं आलं, पण पुसलं नाही.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग आता रात्री पाणी कोण सोडतं?"

बाई त्याच्यावर खेकसणारच होत्या.

"दुसरे काका आहेत. त्यांना बाबांनीच शिकवलं," मुलगी म्हणाली, अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.