मधलं नाव

गेल्या रविवारी, बावीस हजार खर्चून, दरडीखाली गेलेल्या वरच्या वाडीतल्या लोकांचं स्मारक आमच्या गावात उभं राहिलं. हजर होतो सरपंच, कारागीर आणि हिशेबाला मी.

एक अनोळखी माणूस आला. टोपी काखेत धरून, बोट फिरवत नावं वाचू लागला आणि एकदम हसला.

"भाऊ, ह्यो तर मीच! तवा आळेफाट्याला व्हतो, ट्रकवर."

नावं आम्ही रेशनकार्डांवरून घेतली होती. सरपंच कारागिराकडे वळले.

"घासून काढायचे तीनशे पडतील," कारागीर म्हणाला.

"नगं राव. वर बायको, खाली पोरगी. मधी मोकळं राहिलं तर मायलेकींना करमायचं न्हाई."

नाव तसंच ठेवलं. चहाचे चाळीस रुपये त्यानेच टपरीवाल्याला दिले. म्हणाला, "प्या, मयताकडनं!"