टिळा नसलेला डबा

त्या हॉटेलचा तिसरा मजला अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, नर्मदेच्या घाटावर बेवारस मृतदेहांचे पंचनामे केले. त्यांची आठवण येते तशी जाते. पण त्या मजल्यावर भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना, मला जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. दहावीनंतर शाळा सुटली. मामा जबलपूरला कारखान्यात होते. त्यांनी बोलावून घेतलं आणि इथेच पोलिसात शिपाई म्हणून लागलो. घरापासून इतक्या लांब, हिंदी मुलखात, खात्याने माझ्यासारख्या कमी शिकलेल्याला पोटाला लावलं आणि एएसआय करून घरी पाठवलं. हे उपकार मी विसरत नाही. पण कमी शिक्षणाची धाकधूक शेवटपर्यंत राहिली. संगणकाचं काम निघालं की माझ्या तळहाताला घाम यायचा. आणि ही केस सगळी त्यातलीच होती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सप्टेंबर महिना. सकाळची हजेरी झाली, रोजनामच्यात नोंद करून बीटवर निघणार तेवढ्यात फोन वाजला. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका हॉटेलचा मिस्त्री होता. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर; हॉटेलची मोटर, जनरेटर, बिजली सगळं तोच पाहायचा. बीटवरच्या पोलिसाला प्रत्येक हॉटेलात असा एक माणूस लागतो. मालक जे लपवतो ते मिस्त्री सांगतो.

"साब, तीन सौ सात वाली दीदी सुबह से सीढ़ी पर बैठी हैं. कमरे में जाती ही नहीं. कहती हैं, कमरा सुनता है."

महिला हवालदाराला घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वरच्या पायरीवर, तिशीची एक बाई मांडीवर पर्स धरून बसली होती. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणाली, "काका, तुम्ही मराठी?" आणि रडायला लागली.

हकिगत अशी होती. माहेर नागपूरचं, सासर इथलंच, रांझीचं. नवऱ्यापासून वेगळी राहायची. सहा वर्षांची मुलगी मात्र नवऱ्याकडे होती आणि तिच्या ताब्याचा दावा इथल्या कोर्टात चालू होता. प्रत्येक तारखेला ती नागपूरहून यायची आणि याच हॉटेलात उतरायची, कारण वकिलाचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून. परवा तिची साक्ष होती. न्यायाधीश तिच्या तोंडून ऐकणार होते की पोरगी आईकडे का असावी. ती हजर राहिली नाही तर दावा हातचा गेला, असं वकिलाने स्पष्ट सांगितलेलं.

तिने फोन माझ्या हातात दिला. अनोळखी नंबरवरून मेसेज होते.

"झोप नाही ना येत? गोळी नको घेऊ."

"निळा फ्रॉक तिला लहान होईल."

"वकील सांगते तसं रडू नको कोर्टात. तुला जमत नाही."

आणि त्या दिवशी सकाळचा: "परवा कोर्टात आली तर पोरगी कधीच दिसणार नाही. घरी जा."

"झोप येत नाही हे मी कोणालाच बोलले नाही," ती म्हणाली. "फक्त फोनवर शोधलं, झोप काहून येत नाही म्हणून. फ्रॉक बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणला, पलंगावर ठेवला, एक फोटो काढला. कोणाला पाठवला नाही. पडदा लावला होता, काका. दार लावलं होतं."

मी खोली पाहिली. तिने आरशावर चादर टाकली होती. टीव्हीच्या लाल दिव्यावर टिकल्या चिकटवल्या होत्या. न्हाणीच्या झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलं होतं. डोळे बांधलेल्या माणसासारखी ती खोली दिसत होती. पलंगावर एक छोटा निळा फ्रॉक, हात पसरून ठेवलेला.

आम्ही कॅमेरा शोधला. पंखा उतरवला, स्विचबोर्ड उघडले, तसबिरी काढल्या. काही निघालं नाही. सायबर सेलला नंबर पाठवला, तर सिम दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर. पुढची माहिती यायला तीन-चार दिवस लागणार होते. साक्ष परवा.

"मी दुपारच्या गाडीनं जाते," ती म्हणाली. "पोरगी जिवंत तर राहील."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा, ताई. तोवर नाही जमलं तर मी स्वतः गाडीत बसवून देतो."

शब्द देऊन टाकला आणि मलाच घाम फुटला.

मग मजल्यावरच्या सगळ्या खोल्या तपासल्या. तीनशे नऊमध्ये पुण्याकडचा एक इंजिनियर उतरला होता. चाळिशीचा, रांझीकडे एका कारखान्यात मशीन बसवायला आलेला. त्याच्या टेबलावर साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा होता. दोन बारीक कान उभे, एक हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि एक तार भिंतीत गेली होती. तिच्या खोलीपासून एक खोली सोडून. मला आणखी काय पाहिजे होतं? डबा जप्त केला, पंच बोलावले, कापडात बांधून लाखेचं सील लावलं. इंजिनियरला ठाण्यात आणला.

टीआय साहेबांनी, म्हणजे आमच्या ठाणा प्रभारींनी, गाठोडं टेबलावर ठेवलं. "ये क्या है, भाई? बम है कि रेडियो?"

"सर, ट्रॅव्हल राउटर आहे. प्रवासात न्यायचा राउटर."

साहेब माझ्याकडे वळले. "आपका मराठी भाई है, आप ही समझिए."

मी विचारलं, "इंटरनेट तर हॉटेल देते. मग हा डबा काहून?"

तो जरा हसला. "साहेब, तुम्ही बाहेरगावी गेलात तर हॉटेलातला तांब्या तोंडाला लावता का? आपली बाटली नेता. तसंच आहे. हॉटेलची तार मी या डब्यात घालतो. डबा माझ्यापुरतं वेगळं वाय-फाय तयार करतो, पासवर्ड माझा. माझा लॅपटॉप, माझा फोन फक्त या डब्याशी बोलतात. आणि डब्यातून बाहेर जे जातं ते कुलूप लावून जातं. कंपनीचे नकाशे असतात माझ्याकडे, म्हणून कंपनीनेच दिलाय."

"असल्या डब्यातून दुसऱ्याचं ऐकता येते काय?"

तो म्हणाला, "येतं. वाईट माणसाच्या हातात असेल तर."

मी मनात म्हटलं, अर्धं कबूल झाला. आज लिहितानाही लाज वाटते. माणूस खरं बोलत होता आणि मी ते त्याच्याच विरुद्ध लावून राहिलो होतो. चार तास बाकावर बसवला. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले, कारण खोटं बोलणारा तिसऱ्यांदा काहीतरी बदलतो. त्याने काहीच बदललं नाही. फक्त रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, उद्या मशीन सुरू झालं नाही तर माझी नोकरी जाईल हो."

तेवढ्यात हॉटेलातून महिला हवालदाराचा फोन आला. "सर, फिर आया है."

नवा मेसेज तिने वाचून दाखवला. "इंजिनियरला काहून धरलं? त्याचा काय दोष?"

डबा सीलबंद, माझ्यासमोर. इंजिनियरचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये, बंद. तो स्वतः माझ्यासमोर बाकावर. मी आपोआप मागे वळून भिंतीकडे पाहिलं. ठाण्याच्या भिंतीलाही कान फुटले की काय, असं वाटलं.

इंजिनियरच आधी बोलला. "मला धरल्याचं ताईंनी कोणाला कळवलं का, विचारा."

विचारलं. तिने वकिलाला मेल केला होता. बाकी कोणाला नाही.

"मग तो खोलीत नाहीच, साहेब. तो त्यांच्या मेलमध्ये बसलाय. एकदा मेल हाती लागला की काढलेले फोटो, फोनवर शोधलेलं, सगळं त्याला घरबसल्या दिसतं. आता विचारा, पहिल्या दिवशी इंटरनेट लावताना त्यांना काय काय विचारलं होतं."

तिने सांगितलं. हॉटेलच्या नावाचं वाय-फाय निवडलं तर एक पान आलं, वर हॉटेलचं नाव. त्यात ईमेल मागितला, त्याचा पासवर्ड मागितला, मग फोनवर आलेला आकडाही मागितला. हॉटेलचं पान समजून तिने सगळं भरलं.

"रिसेप्शनवर मला तर चिठ्ठीवर नुसता पासवर्ड लिहून दिला," इंजिनियर म्हणाला. "असलं पान हॉटेलचं नाहीच. त्या मजल्यावर आणखी एक डबा आहे, साहेब. माझा सोडा, मी दाखवतो."

साहेबांची परवानगी घेतली, रोजनामच्यात कारण लिहिलं आणि माझं सील मीच तोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियर मशीनचं काम करून आला आणि दुपारी आम्ही मजल्यावर होतो. इंजिनियरने डबा एका बॅटरीवर चालवला आणि फोनवर आसपासच्या वाय-फायची यादी काढली. हॉटेलचं नाव त्यात दोनदा होतं. अक्षरं तीच, जशी जुळी भावंडं.

"यातलं एक खोटं आहे. जवळ गेलो की सिग्नलच्या या रेघा वाढतील."

तीनशे सातच्या आत रेघा कमी झाल्या. बाहेर आलो, वाढल्या. इंजिनियर, मिस्त्री, हॉटेलचा मॅनेजर आणि मी, चौघे भिंत धरून, पाय न वाजवता चालत होतो. रेघा जिथे पूर्ण भरल्या तिथे ती बाई बसली होती. खोलीला घाबरून दोन दिवस ती ज्या पायरीवर बसत होती, तिच्या डोक्यामागेच बिजलीच्या तारांचं लाकडी कपाट होतं. तिने मान वळवून पाहिलं आणि सरकत सरकत खाली तीन पायऱ्या गेली.

मिस्त्रीने कपाट उघडलं. आत तीन डबे होते. दोन मोठे, एक साबणाच्या वडीएवढा, अगदी इंजिनियरच्या डब्यासारखा.

मिस्त्री चष्मा वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "साब, ये छोटा वाला मेरा नहीं है. इस पर टीका नहीं है."

तेव्हा मला दिसलं. दोन्ही मोठ्या डब्यांवर कुंकवाचा टिळा होता, सुकलेलं फूल अडकवलेलं होतं. विश्वकर्मा पूजेला, सतरा सप्टेंबरला, कारखान्यातला माणूस आपल्या प्रत्येक मशीनला टिळा लावतो. मिस्त्रीने ती सवय हॉटेलात आणली होती.

मॅनेजर मागून म्हणाला, "इन्होंने तो टीवी के रिमोट को भी नहीं छोड़ा, साब. बस चले तो गेस्ट को भी लगा दें."

"हँस लो भैया," मिस्त्री म्हणाला. "इस अलमारी में उस दिन दो ही डिब्बे थे. ये पूजा के बाद आया है."

हे काम माझ्या ओळखीचं होतं. माझे हात पहिल्यांदा कोरडे झाले. पूजेपासून ती बाई येईपर्यंत सहा दिवस. मुसाफिर रजिस्टर मागवलं आणि पत्त्यांवर बोट ठेवत गेलो. सतना, रीवा, नागपूर, कटनी... आणि एक रांझी. आमच्याकडे हॉटेलवाले गावातल्याच माणसाला सहसा खोली देत नाहीत. गावात घर असून हॉटेलात झोपायचं कारण चांगलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

"इसको कमरा काहे दिया?"

"बोला घर में मेहमान भरे हैं, एक दिन की बात है," मॅनेजर खाली बघत म्हणाला.

ओळखपत्राची झेरॉक्स मी तिच्यापुढे धरली. तिने ती हातात घेऊन उजेडात धरली. "हे माझे दीर आहेत. चुलत. मोबाईलच्या दुकानात बसतात. माझ्या लग्नात करवलीसारखे मागेपुढे करत होते."

त्याला दुकानातूनच उचलला. मेसेज पाठवलेला फोन त्याच्या खिशात होता. सापडला तरी तो ओरडला नाही, हात जोडले नाहीत. मराठीतच, शांतपणे म्हणाला, "वहिनीला हात लावला काय मी? नुसतं बोललो. घरच्या माणसानं बोलू नाही काय?"

"फ्रॉकचं काहून लिहिलं?"

"तिला कळलं पाहिजे ना, की आम्ही पाहून राहिलो."

तो हे इतक्या मायेने बोलला की मी पेन खाली ठेवला. नवऱ्याच्या सांगण्यावरून केलं, हे त्याने पुढे लिहून दिलं. गुन्हा दाखल झाला आणि मुलीच्या जिवाला धोका नाही ना, हे बघायला साहेबांनी त्याच संध्याकाळी महिला स्टाफ रांझीला पाठवला. पोरगी अंगणात खेळत होती.

इंजिनियरने आपला डबा तीनशे सातमध्ये लावला. त्याच्यातून तिचे सगळे पासवर्ड बदलून दिले, दुसरीकडे उघडं असलेलं खातं बंद केलं. डब्याच्या कडेला माझी लाख अजून चिकटलेली होती.

"आता या खोलीत कोण आहे?" तिने विचारलं.

"तुम्ही," तो म्हणाला. "आणि बाहेर हवालदारबाई. बस."

तिने आरशावरची चादर स्वतः काढली.

मी त्याची माफी मागितली. म्हणाला, "चार तास बसवलंत साहेब, पण चहा तीनदा पाजलात." डबा त्याने तिच्याकडेच राहू दिला. "कंपनीला सांगीन, पोलिसांनी जप्त केला." त्याने तक्रार केली असती तर निवृत्तीच्या तोंडावर माझं काय झालं असतं, हा विचार मी अजून करतो. त्याचं मशीन वेळेवर सुरू झालं, एवढं मी फोन करून विचारून घेतलं.

तिने साक्ष दिली. रडलीही, असं वकिलाने सांगितलं.

त्या केसनंतर मी एक गोष्ट धरून ठेवली. जी वस्तू मला कळत नव्हती तिला मी आरोपी केलं, आणि ज्या नावाची ओळख होती ते नाव एकदाही तपासलं नाही. तिनेही हॉटेलचं नाव वाचलं आणि दार उघडून दिलं. दिराचं नाव तर तिच्या घरातलंच. आता मी कुठे उतरलो तर इंटरनेटचं नाव आणि पासवर्ड रिसेप्शनवर जाऊन तोंडी विचारतो. पोरं हसतात. हसू द्या.

काही महिन्यांनी मुलीचा ताबा आईला मिळाला. ठाण्याच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक पाकीट आलं, नागपूरचा शिक्का असलेलं. फोनवर पाठवायची गोष्ट तिने डाकेने पाठवली होती, दोन्ही कडा डिंकाने नीट बंद करून. आत एक फोटो होता. निळ्या फ्रॉकमधली पोरगी, दात पडलेली, हसत असलेली.

मागे पेनाने लिहिलं होतं: "काका, घट्ट बसला. पण बसला."