मगदूम बाईंचं पोट

कोल्हापूर-गडहिंग्लज गाडी सुटायच्या आधी मगदूम बाई तीन वेळा स्वच्छतागृहात जाऊन येत. सकाळपासून पोटात चहाचा घोटही नसे. मी ड्रायव्हर, त्या कंडक्टर; चार वर्षं आम्ही एका गाडीवर होतो. पहिल्या महिन्यात मला वाटलं, बाई कामचुकार आहेत. तसं एकदा बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, डबल बेल दिली की माझ्या पोटात पीळ पडतोय. सुट्टीदिवशी काय न्हाय."

खरं तर बाई खमक्या. आवाज असा, की पुढच्या दाराशी उभ्या राहून शेवटच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारत. पण कधी जुलाब, कधी चार-चार दिवस पोट साफ नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून आतडं पाहिलं. सगळं नॉर्मल. घरचे म्हणू लागले, मनाचे खेळ आहेत. नवऱ्याने बैठ्या कामाचा अर्जही लिहून दिला. बाईंनी तो कधीच पुढे धाडला नाही.

शेवटी पोटाच्या एका डॉक्टरांनी त्यांना नीट बसवून समजावलं. दुसऱ्या दिवशी कागलला गाडी थांबल्यावर बाई मला सांगू लागल्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही 'मी येतो, मी जातो' असंच बोलत.

"दुखणं खरं हाय म्हणाले. मेंदू आन् आतडं एकमेकाला सारखा निरोप धाडत असत्यात. मी घाबरतो, आतडं आवळतंय. ते आवळलं की मी आणखी घाबरतो. जखम कुठं न्हाय, पण आतडं लई हळवं झालंय."

मग वेळेवर जेवण, रोज सकाळी पोटातून सावकाश श्वास, डॉक्टरांच्या गोळ्या आणि पंधरवड्याने समुपदेशकाकडे फेरी. तिथे त्यांना सांगितलं होतं, त्रास लपवू नका. बाईंना हेच सगळ्यात जड गेलं.

एका दुपारी निपाणीच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे गाडी अडकली. आरशात बाईंचा चेहरा पांढरा दिसला. त्या पुढे आल्या, माणसांकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पावणं, माझं पोट दुखतंय. समोरच्या पंपावर जाऊन येतो. पाच मिन्टं लागतील."

मागे कुणीतरी हसलं. बाई उतरल्या. त्यांच्या मागोमाग एक म्हातारी उठली. "थांब गं बाई, मलाबी जायचंय. मघाधरनं दम धरून बसलोय."

त्या दिवशी दुखणं पळून गेलं असं नाही. मुलीच्या बारावीच्या परीक्षेत त्याने पुन्हा उचल खाल्लीच. पण सांगितलं की गाडी थांबते, हे कळल्यावर थांबवायची वेळ कमी कमी येऊ लागली. बाई डबा आणू लागल्या.

गेल्या वर्षी त्यांची बदली झाली. निघताना मी विचारलं, "आता पूर्ण बरं का?"

"पूर्ण न्हाय, दादा. पोट बोलतंय, मी ऐकतो. पण ड्युटीवर जायचं का न्हाय, हे त्याला इचारत न्हाय."

आता निपाणीला गाडी उभी केली की मी मागे वळून सांगतो, "कुणाला जायचं असंल तर जाऊन या. गाडी सोडून जात न्हाय." आधी कुणी हलत नाही. मग एकजण उठतो, आणि त्याच्यामागून चार-पाच.