वाऱ्यासमोरचं टोक

आमच्या संघात दोन तऱ्हेचे गोलंदाज होते: वेगवान आणि टप्प्या. टप्प्याला आईवडिलांनी ठेवलेलं बरं नाव होतं, पण माणूस पंधरा वर्षं चेंडू एकाच जागी पाडत राहिला तर ते कोणाच्या लक्षात राहणार? मी त्याचा यष्टीरक्षक. त्याच्या बायकोखालोखाल त्याला मीच जास्त पाहिलंय.

आमचं मैदान टेकाडावर. सकाळी दहालाच तिथे एका बाजूने सणसणीत वारा सुटतो. तो पाठीशी घ्यायला वेगवान गडी भांडायचे. दुसऱ्या टोकाकडून, छातीवर वारा घेत कोण टाकणार, असं कप्तानाने विचारलं की सगळ्यांना अचानक बुटाच्या नाड्या बांधायच्या असत. एकोणिसाव्या वर्षी संघात आलेल्या टप्प्याने पहिल्याच दिवशी हात वर केला.

"मी टाकतो की. पगार त्याचाच आहे ना?"

तेव्हापासून ते टोक त्याचं. आणि गंमत अशी, की समोरच्या वाऱ्यात त्याचा चेंडू थोडा रेंगाळायचा, फलंदाजाची बॅट पुढे आली की मगच बाहेर वळायचा. कड लागायची, झेल माझ्या हातात. चेंडू मांडीवर घासून घासून त्याच्या पांढऱ्या पँटवर तांबडा पट्टा पडायचा. वहिनी दर आठवड्याला तो धुताना म्हणायच्या, "भाऊजी, खरं सांगा, हे खेळायला जातात की विटा वाहायला?"

टप्प्या चौतिशीत आला आणि आम्हाला नवे प्रशिक्षक मिळाले. त्यांच्याकडे वेग मोजायचं यंत्र होतं. सीमारेषेबाहेर छत्रीखाली खुर्ची टाकून ते आकडे लिहायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी त्यांनी टप्प्याला बोलावलं.

"करार संपतोय. या सामन्यात वेग दिसला तर पुढे लिहू."

टप्प्याचा खांदा ठणठणीत होता, भूक शाबूत होती. त्याला अजून खेळायचं होतं, बस. आणि इथे मी अक्कल पाजळली.

"एवढंच ना? वारा पाठीशी घे. आकडा आपोआप वाढेल."

कप्तानानेही इतक्या वर्षांची उतराई म्हणून ते टोक आनंदाने देऊन टाकलं. सकाळी टप्प्या धावत आला तो वारा प्यालेल्या वासरासारखा. पाऊल रेषेच्या पुढे. नो-बॉल. पुढचा चेंडू वेगात, पण सरळसोट. तो फलंदाजाने सीमेबाहेर धाडला. छत्रीखाली प्रशिक्षक मान डोलवत आकडे लिहीत होते आणि इकडे धावफलक पळत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बिनबाद एकशेदहा. हात दाखवून अवलक्षण कसं करावं, हे आम्ही दोघांनी मिळून सिद्ध केलं होतं. मला त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती.

त्याने शांतपणे जेवण केलं, तोंड पुसलं आणि कप्तानाला म्हणाला, "माझं टोक मला परत दे."

"अरे, आकडा पडेल," मी म्हणालो. "करार जाईल!"

"जाऊ दे गेला तर. पाठीला वारा लागला की मला पायच सापडत नाहीत. जायचंच असेल तर माझ्यासारखा टाकून जाईन."

मग तो वाऱ्यासमोर उभा राहिला. शर्ट पाठीमागे फुगला, टोपी पंचाकडे गेली. दुसऱ्याच चेंडूला कड, माझ्या हातात. दोन षटकांनी तशीच आणखी एक. तिसऱ्या गड्याने हुशारी करून चेंडू सोडला, तेव्हा तो आत आला आणि बाहेरची यष्टी घेऊन गेला. त्यांचा कप्तान दीड तास चिवटपणे उभा राहिला, पाऊल पुढे टाकू की मागे नेऊ, या विचारातच पायचीत झाला. टप्प्याचे सहा बळी, संघ दोनशेच्या आत बाद. असा आनंद मला स्वतःच्या शतकानेही दिला नव्हता. अर्थात शतक मी एकदाच केलंय.

प्रशिक्षक मात्र कपाळाला आठ्या घालून कागद घेऊन आले.

"जेवणानंतर वेग अकराने घसरला," ते म्हणाले.

"हो सर," टप्प्या म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या संघाचा कप्तान आमच्या खोलीत हात मिळवायला आला. पायाला बर्फाची पिशवी बांधलेली. टप्प्याचा हात त्याने जरा जास्तच वेळ धरला आणि वळून प्रशिक्षकांना विचारलं, "सर, हे गृहस्थ पुढच्या वर्षी पण आहेत का हो?"

'नाही' ऐकायच्या ज्या आशेने त्याने ते विचारलं ना, ती लपत नव्हती. प्रशिक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या आकड्यांकडे. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"आहेत," ते म्हणाले.