कशावरून?

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे. आज चहा पांचट झालाय, एवढं म्हटलं तरी चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, "कशावरून?" अनुमान वेगळं, पुरावा वेगळा, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा आमच्या खात्यातल्या पिना ते आठवडाभर नापास करत राहिले. त्याच आठवड्यात नांदेडकडचा एक नवा माणूस लेथवर आला होता. मी म्हणालो, "उघड आहे की राव! त्याला मशिनवरून उतरवा."

"तो आला आणि पिना बिघडल्या, म्हणून त्याच्यामुळेच बिघडल्या? कशावरून?"

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी दुसरा मायक्रोमीटर मागवून पिना पुन्हा मोजल्या. सगळ्या पास! खोट त्यांच्या स्वतःच्या, फडक्यात गुंडाळून जपलेल्या मायक्रोमीटरमध्ये होती. "माझं माप बरोबर, हे मीच गृहीत धरलं होतं," असं सगळ्यांसमोर म्हणून त्यांनी लेथवाल्याची माफी मागितली.

परत येऊन मला म्हणाले, "तुम्ही मागितलीत?"

"मागितली की, मघाशीच."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला. मी निमूटपणे उठून लेथकडे चालू लागलो.