‘घरचे राग’, संगीत विभागात

माझं माहेर धारचं, सासर देवासचं, आणि डोकं दोन्हीकडे सारखंच तापट. म्हणून पहिलं पुस्तक लिहिलं त्याचं नाव ठेवलं ‘घरचे राग’. आत्या चिडली की भांडी आपटायची, मामा चिडले की चार दिवस अबोला, आणि सासूबाई चिडल्या की जास्तच गोड बोलायच्या! असल्या गोष्टी.

पुस्तक घेऊन धारच्या पुस्तकवाल्या काकांकडे गेले. पूर्वी काहीही मागितलं की ते आधी विचारायचे, “कोण वाचणार?” उत्तर पटलं नाही तर दुसरंच पुस्तक हातात ठेवायचे. आता दुकानात नुसते परीक्षेच्या गाइडांचे ढीग. “अगं, मराठीचं कपाट केव्हाच उठलं,” काका म्हणाले. “पोरं बोलतात मराठी, वाचतात हिंदी. ऑनलाइन टाक.”

नातेवाइकांना मी वाचक धरतच नाही. ते वाचतात ते आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला. मला एक परका वाचक हवा होता. एक तरी! नाही मिळाला तर पुढचं पुस्तक हिंदीत लिहीन, असं मुलाला कबूल करून बसले होते.

ऑनलाइन विक्रीचा फॉर्म त्यानेच भरला. पहिल्याच आठवड्यात सात प्रती गेल्या. सात परके! मी श्रीखंड केलं. ते संपायच्या आत पुस्तकं परत यायला लागली. एकाने कारण लिहिलं होतं, “यमन कहीं नहीं मिला.” दुसऱ्याने, “इसमें तो सिर्फ़ झगड़े हैं.”

आता डोकं ठिकाणावर राहील का? फॉर्म उघडायला लावला. विषयाच्या रकान्यात चिरंजीवांनी ‘संगीत’ निवडलं होतं. त्यात आमचं देवास म्हणजे गल्लोगल्ली गाणं शिकणारे.

“अरे गाढवा, हे काय?”

“पण आई, राग मतलब राग ही तो!”

त्याचंही खरं. हिंदी शाळेत शिकलेल्या पोराला राग येत नाही, गुस्सा येतो. तरी दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

सहा प्रती परत आल्या. सातवी कन्नौदच्या एका हार्मोनियम शिकवणाऱ्या मास्तरांकडे होती. त्यांनीही परतीचा अर्ज केलेला, म्हणजे माझी मराठी संपलीच. मी वाट बघत बसले. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

पुस्तक आलं नाही. आला एक निरोप, “वापसी रद्द.” खाली मास्तरांनी कारण लिहिलं होतं, ते मुलाने वाचून दाखवलं, “लौटानी थी, पर माँ दे नहीं रहीं. मराठी पढ़ती हैं. अकेली बैठी हँसती रहती हैं.”

“पुन्हा वाच,” मी म्हटलं. त्याने वाचलं. मेलं डोळ्यांत पाणीच आलं.

“मग आई, पुढचं हिंदीत ना?”

“नाही लिहीत, जा!”